पाठकोरा कागद

“काका, ह्ये मेल तुमी धाडलं का?” कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या फरहानने पडदा जुने कारकून शिवपुत्रांकडे वळवला.

मेलखाली शिवपुत्रांचंच नाव होतं. हुबळीचा माल नेहमीच्या गोदामात न उतरवता दुसरीकडे उतरवा, असं ट्रकवाल्या कंपनीला कळवलेलं. काल टॉवेलचा अख्खा ट्रक तिथे रिकामा झाला होता आणि आज त्या जागेला कुलूप होतं.

“न्हाई बा. मी कशाला धाडू?”

“मंग लईच वंगाळ झालं. ह्याच्यावर आपली सही हाय.”

दिवाळीत कारखान्याच्या नावाने खोटे मेल सुटले, तेव्हा फरहाननेच ही संगणकी सही बसवली होती; कारखान्याच्या प्रत्येक मेलवर ती आपोआप लागे. तिचे दोन भाग. एक सगळ्यांना दिसेल असा इंटरनेटवर ठेवायचा, म्हणजे मेल मिळणाऱ्याला सही पडताळता येते. दुसरा गुप्त. तो ज्याच्या हाती लागेल, तो कारखान्याच्या नावाने खुशाल सही ठोकेल.

आतून पंचाक्षरी शेठ म्हणाले, “गुप्त भाग तुज्यापाशीच होता न्हवं, फरहान? चारला पोलीस येतेत. बसून ऱ्हा हितंच.”

फरहान होता तिथेच खुर्चीत बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

शिवपुत्रांना दिवाळीतला तो दिवस आठवला. सही बसवली ती त्यांच्याच संगणकावरून. “ह्ये कुणाला दावू नका, काका,” असं बजावून फरहान चहाला गेला, आणि इकडे त्यांनी गुप्त भागाचा तो अक्षरांचा गिचमिड मजकूर छापून फाइलला लावला. संगणकाचा काय भरवसा? एकोणतीस वर्षं ते असंच करत आले होते. दाखवला मात्र कुणालाच नाही.

त्यांनी फाइल काढली. कागद नव्हता.

कागद कुठे जातो, हे भवानी पेठेतल्या त्या कचेरीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? महिना उलटला की फाइलमधले पाठकोरे कागद तेच काढत आणि मालाच्या याद्या त्यांवर लिहीत. यादी गठ्ठ्यात घालून गावोगाव जाई, झेरॉक्स कचेरीत राही. कोऱ्या कागदाला हात लावायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येई.

त्यांनी झेरॉक्स चाळल्या. दुधनीला गेलेल्या मालाची यादी निघाली. त्यांचं वळणदार अक्षर, आणि त्यामागून उलटी, पुसट उमटलेली ती गिचमिड. मूळ कागद कुणाच्या हाती पडला, देव जाणे. अजून किती मेल सुटणार होते, तेही.

घड्याळात पावणेचार झाले होते. दोन महिन्यांनी निवृत्ती होती. झेरॉक्स फाडली असती, तर कुणाला कळणार होतं?

ते आत गेले आणि शेठपुढे झेरॉक्स ठेवली. “पोराला सोडा. माज्या हातनं गेलंय ह्ये.”

शेठनी त्या पुसट अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मान वर न करताच म्हणाले, “लिहून द्या.”

शिवपुत्र टेबलाशी येऊन बसले. सवयीने हात पाठकोऱ्या गठ्ठ्याकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला, कपाटातून कागदांचं नवं पुडकं काढून फोडलं आणि एक कोरा कागद समोर ओढला.