बांधलेले पोट

प्रशांत मास्तरांचा देवावर विश्वास नव्हता, दृष्ट लागण्यावर नव्हता, आणि अलीकडे स्वतःच्या मुलीवरही नव्हता. मुरबाडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस पुराव्यावाचून काही मानत नसे. प्रियांका सोळा वर्षांची, लहानपणापासून इन्सुलिनवर. सकाळी उपाशीपोटी साखर तीनशेच्या घरात आणि गुळाच्या डब्याचे झाकण तिरके, या दोन गोष्टींवरून त्यांनी निष्कर्ष काढला होता : पोरगी रात्री चोरून खाते. डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन वाढवले, पुन्हा वाढवले, साखर उतरेना. विचारले की प्रियांका गप्प बसे, आणि गप्प बसणे म्हणजे मास्तरांच्या लेखी कबुलीजबाब.

शेवटी कल्याणच्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर सेन्सर लावला. केसाइतका बारीक तंतू कातडीखाली, वर चिकटपट्टी, आणि तिथून निघालेली तार कमरेच्या पेजरएवढ्या डबीत. डबी तीन दिवस साखर नोंदवत राहणार, पण आकडा कुणालाच दाखवणार नाही. संगणकाला जोडली की मगच सगळा आलेख उमटणार.

"पट्टी सुटली तर सगळं वाया," डॉक्टर म्हणाले होते. "दुसरा सेन्सर इतक्यात मिळायचा नाही. घाम आणि तेल, दोन्हींपासून जपा."

आणि दुसऱ्याच दिवशी गावी, वैशाखऱ्यात, चुलतभावाच्या मुलाची, प्रज्वलची, हळद होती. मे महिना, आणि प्रियांका करवली. प्रियांकाच्या आईला, मेघाला, रजा मिळाली नव्हती. ती लग्नाच्या दिवशी येणार होती. एरवी मुलीची बाजू घेणारी तेवढी एकच होती.

मास्तरांनी निघण्यापूर्वी पट्टीच्या चारही कडांवर आणखी चिकटपट्ट्या लावल्या. तरीही मांडवात त्यांना एका जागी बसवेना. ते उठत, चहा नाकारत, पुन्हा बसत. नजर सारखी प्रियांकाच्या कुडत्यावर, जिथे डबीचा फुगवटा दिसे तिथे. घामाची त्यांना भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती : आलेख निघाला तर चोरी उघडी पडणार, म्हणजे पट्टी सुटण्यात सर्वांत मोठा फायदा कुणाचा, तर प्रियांकाचाच. कडा नखाने उचलायला कितीसा वेळ लागतो?

नवऱ्याला हळद लागली आणि बायका एकमेकींवर तुटून पडल्या. तेलात कालवलेली हळद गालांना, मानेला, हाताला लागेल तिथे. मास्तर पुढे सरसावले, तोच बायकांच्या घोळक्यातून बारीक पिपाणीसारखा आवाज आला. डबी ओरडत होती. तार सैल झाली होती.

ते पोचेपर्यंत प्रियांका घरात शिरली होती आणि दार आतून लागले होते. आवाज थांबला. मास्तरांनी दार वाजवले.

"आमी हाय रं आत," ही चिमाबाई, मास्तरांची काकू, नवरदेवाची आजी. "बायकांच्या कामात तू कशाला?"

आवाज थांबला तो तार पुन्हा बसली म्हणून, की डबीच बंद केली म्हणून? दोन्ही शक्यता सारख्याच होत्या. मास्तर ओटीवर येरझाऱ्या घालू लागले.

प्रियांका बाहेर आली तेव्हा कुडत्याखालून कमरेभोवती मऊ जुनेराचे फडके करकचून आवळलेले दिसत होते. चिमाबाईने ते जन्मभर जसे बांधले तसेच बांधले होते. वैशाखऱ्यातल्या किती बाळंतिणींची पोटे तिने बांधली, याची गणती नव्हती.

पण ती बांधणी ओळखणाऱ्या बायकाही त्याच गावच्या होत्या. कुजबुज मांडवभर फिरली आणि फिरून मास्तरांपाशी आली, ती रखमीच्या तोंडून. रखमी शेजारच्या घरची सून. पोटात काही ठेवण्याची तिला सवय नव्हती.

"मास्तर, पोरीचं पोट बांधलंय ते काय वो? आमच्याकडं बालंतिणीचं बांधतात."

मास्तरांचे कान तापले. मुलीचा आजार त्यांनी वैशाखऱ्यात कुणाला कळू दिला नव्हता. कळला तर तिचे लग्न जमणार नाही, असे ते मानत. एवढे एकच विधान त्यांनी पुराव्यावाचून मानले होते.

त्यांनी प्रियांकाला पडवीत गाठले. "सोड ते फडकं."

"नाय सोडायची. पट्टी एका बाजूनं उठलीय. फडकं सोडलं की सेन्सर निघंल."

"लोक काय बोलतायत ठाऊक आहे?"

"तुम्ही घरी काय बोलता तेही ठाऊक आहे, पप्पा." तिचा तळहात फडक्यावर घट्ट दाबलेला होता. "गूळ मी खाते. पण घाम फुटून जाग येते, हातपाय लटलटतात, तेव्हा. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, निमित्त शोधलं. आता हे सांगंल."

मास्तर त्या हाताकडे पाहत राहिले. आपल्यापेक्षा जास्त घट्ट कुणीतरी तो पुरावा धरून आहे, ही शक्यता त्यांनी विचारातच घेतली नव्हती.

प्रियांका सरळ मांडवात गेली आणि रखमीचा हात धरून तिने फडक्यावर ठेवला. "काकी, बघा चाचपून. यंत्र हाय. मला साखरेचा आजार हाय, रोज सुई घेते. हे पडू नये म्हणून आजीनं बांधलं."

कुणीतरी मास्तरांकडे पाहिले. "खरं आहे," मास्तर म्हणाले.

"मग काय, मुलगा का मुलगी गो?" चिमाबाईने मागून विचारले. "बांधलं मी, बारशाला मलाच बोलवा!" हास्याचा फवारा उडाला, आणि रखमीच सर्वांत मोठ्याने हसली.

त्या रात्री निजण्यापूर्वी मास्तरांनी काकूकडून गुळाचा खडा मागून घेतला आणि प्रियांकाच्या उशाशी वाटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर संध्याकाळी कल्याणला डॉक्टरांनी पट्टी सोडवली. कड हळदीने पिवळी झाली होती, पण मधला भाग शाबूत होता. पडद्यावर आलेख उमटला. दोन्ही रात्री पहाटेपूर्वी तो खोल कोसळत होता आणि मग कड्यासारखा सरळ वर चढत होता.

"रात्रीचा डोस फार होतोय, साखर एकदम उतरते. डोस लगेच कमी करू," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चढावर बोट ठेवले. "इथं काहीतरी खाल्लंय. गोड. कोणी दिलं?"

प्रियांकाने वडिलांकडे पाहिले.

"पहिल्या रात्री तिनं स्वतः घेतला," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या रात्रीचा गूळ मी दिला."