लॅव्हेंडरची टाकी

कंपनी काढल्यावर भावोजींनी पहिलं काम केलं ते स्वतःचा फोटो काढून घेण्याचं. हाताची घडी, नजर छताच्या कोपऱ्यात, जणू भविष्यकाळ तिथेच जाळं विणत बसलाय. दुसरं काम म्हणजे वहिनीला नोकरीवर घेतलं. घेणं भागच होतं, कारण जंतू तिचा होता.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार वर्षं मान मोडून तिने हा जंतू शोधला होता. गटाराच्या नळीत साचलेला तेलकट थर तो असा चाटूनपुसून खायचा, की चाळीस मिनिटांत तुंबलेलं पाणी वाहायला लागायचं. कंपनीकडे विकण्यासारखं एवढंच होतं. बाकी सगळं फर्निचर. ऑफिसात शिपायापासून सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण भावोजींचं म्हणणं, "आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत." कुटुंब म्हटलं की रजा मागायची सोय नाही, हा त्यातला फायदा.

हा जंतू दोन जागी होता. थोडा डीप फ्रीजरमधल्या कुप्यांत, बाकीचा दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत. मागच्या आठवड्यात भावोजींची मुलाखत घ्यायला कुणी आलं आणि फ्रीजरची घरघर माइकमध्ये येते म्हणून भावोजींनी स्वतःच्या हाताने त्याचा प्लग उपटला. मुलाखतीचा विषय 'संयम'. प्लग परत लावायचा संयम मात्र कुणाला राहिला नाही. दोन सुट्ट्या उलटून वहिनी आली तर फ्रीजरखाली तळं, कुप्यांत कोमट पाणी आणि प्लग लावूनही फ्रीजर सुरू होईना. नव्या फ्रीजरच्या अर्जावर भावोजींनी शेरा मारला, 'आधी लॉबीतले दिवे.'

म्हणजे आता जगात तो जंतू उरला फक्त टाकीत. वहिनीने ठरवलं, शुक्रवारी पैसे गुंतवणाऱ्या बाईंसमोर प्रयोग उरकला की आधी थोडा जंतू बाटलीत काढून घरी सांभाळायचा. तोवर टाकीला कुणी बोट लावायचं नाही. तशी चिठ्ठीच तिने टाकीवर चिकटवली.

शुक्रवारी सकाळी तिने दार उघडलं. लॉबीत बागेसारखा सुगंध दरवळत होता. टाकी एरवी तपकिरी असायची, आणि ओल्या मोज्यांसारखी वास मारायची. आज ती निळी होती. चिठ्ठी गायब.

"भावोजी, काय ओतलंत यात?"

"ऑफिसात सर म्हणा, वहिनी."

"सर, काय ओतलंत यात?"

"लॅव्हेंडरचं तेल. फक्त पाच लिटर. आणि चिमूटभर रंग. आपला जाहिरातीचा सल्लागार म्हणाला, तपकिरी कुणी विकत घेत नाही."

"अहो, त्या तेलाने जंतू मरतात!"

"नैसर्गिक आहे ते!"

"विंचूही नैसर्गिकच असतो!"

"तुम्ही फार नकारात्मक बोलता," भावोजी टाय नीट करत म्हणाले. "मुळात जंतू शिकत का नाहीत जुळवून घ्यायला? मी नाही का घेत?"

वहिनीने थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी तिथे बाजार भरलेला असायचा. आज सगळे चिडीचूप. एकही हलेना.

अकरा वाजता पाहुण्या बाई आल्या. त्यांच्यासमोर काचेच्या पेटीत गटाराचं तेलकट पाणी ठेवलं होतं. भावोजींनी टाकीत तांब्या बुडवून काढलेलं निळं पाणी त्यात असं ओतलं, की पाहणाऱ्याला वाटावं समुद्रच सोडतायत. मग सगळे वाट बघत बसले. दहा मिनिटं. वीस. चाळीस. तेलाचा थर जसाच्या तसा, उलट आता निळा. भावोजींच्या कपाळावरचा घाम टायपर्यंत पोचला. सल्लागार बूट न्याहाळत होता.

पाहुण्या बाई पुढे वाकल्या. "हे गटाराचं पाणी आहे ना?"

"ह... हो, मॅडम."

"पण वास किती गोड येतोय!"

भावोजींना एका श्वासाचाही वेळ लागला नाही. "तोच तर आमचा शोध आहे, मॅडम! घाण काढत बसायची कशाला? तिला सुगंधी करायचं!"

"आणि यात जंतू वगैरे?"

"एकही नाही! आमच्या शास्त्रज्ञ शपथेवर सांगतील."

"एकही नाही," वहिनी म्हणाली. त्या खोलीत दिवसभरात बोललेलं तेवढंच खरं होतं.

बाई खूश. जिवंत काही नाही म्हणजे परवानग्यांची कटकट नाही. त्यांनी तिथेच हात मिळवला. तुंबलेली गटारं तुंबलेलीच राहणार होती, पण आता रुबाबात.

सगळे जेवायला गेले तशी वहिनी टाकीखाली उताणी पडली. टाकीतून बाहेर जाणारी नळी तोटीपलीकडे हातभर लांब होती आणि ती कुणी कधी साफ केली नव्हती. तेल बंद तोटीपलीकडे पोचलं नसेल, तर? तिने कापसाचा बोळा आत घातला. बाहेर आला तो तपकिरी. वास घेतला. ओले मोजे! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि थोडं वासानेही.

तो बोळा तिने तेलकट पाण्याच्या बाटलीत टाकला आणि चौथ्या दिवशी त्यात तपकिरी ढग जमला. तरी ती भल्या मनाने भावोजींकडे गेली.

"सर, जंतू वाचलाय."

भावोजींनी उठून दार लावलं. "हळू बोला हो! मॅडमना लेखी द्यायचंय. जिवंत म्हटलं की बोंबललं सगळं. काही उगवलं असेल तर ते मला माहीत नाही, आणि आपलं नाही. हे घ्या पत्र, सही करा."

वहिनीने पत्र वाचलं. या जागेत कोणताही जिवंत जंतू नाही, असं होतं.

"एक ओळ वाढवते. पुढे कुठे सापडलाच, तर त्यावर कंपनीचा कसलाही हक्क नाही."

"वा! बघा, आता कशा व्यावसायिक विचार करायला लागलात." भावोजींनी आधी सही ठोकली, मग तिने केली.

पत्राची प्रत आणि राजीनाम्याची पोच घेऊन ती फाटकाशी आली. वॉचमनने पिशवी उघडली.

"वहिनी, हातातल्या बाटलीत काय?"

तिने कागद पुढे केला. त्याने ओठ हलवत तो सगळा वाचला, सही तपासली, पुन्हा बाटलीकडे पाहिलं.

"यात तर काहीच नाही म्हणतात."

"सरांची सही आहे."

"मग एवढी छातीशी का धरलीय?"

"बाजूला हो रे बाबा," वहिनी म्हणाली, "सांडेल."