हारातले तांबडे फूल

मी एक जुना हार आहे. लांबून पाहाल तर रानफुलांचा वाटेन, पण मित्रांनो, माझ्यात एकही खरे फूल नाही. मी केसांचा हार आहे. नाक मुरडू नका! आमच्या ओहायोत त्या काळी घरोघरी असे हार असत. मेलेल्यांचे केस आणि जिवंतांचे केस एकाच काचेच्या पेटीत शेजारी शेजारी नांदत. घराण्याची माहिती कोणी विचारली, की बायका पाहुण्याला दिवाणखान्यात नेत आणि आमच्याकडे बोट दाखवत.

टिलटसनांच्या घरी माझा जन्म झाला. केझाया टिलटसन आणि तिच्या दोन मुली, थोरली लव्हायना व धाकटी इलेक्टा, यांनी हिवाळाभर शेगडीजवळ बसून मला घडवले. फणीला आलेला एकेक केस त्या जपून ठेवत. मग विणायच्या सुईवर केस आणि बारीक तार गुंडाळून पाकळी करत. आजीच्या पांढऱ्या केसांचे मोठे फूल झाले. पाळण्यातच गेलेल्या भावाच्या जावळाचे इवलेसे पान झाले. इलेक्टाचे केस तांबडे होते. आपला गुलाब तिने स्वतःच वळला आणि आजीच्या फुलाखाली बसवला. तिच्याइतका नाजूक हात घरात कोणाचाच नव्हता.

"ताई, तार वळतेयस की नांगराचे बैल वळवतेयस?" ती चिडवायची.

"तू हात चालव, तोंड राहू दे जरा!" लव्हायना फणकारायची, आणि मग दोघी हसत सुटायच्या.

केझाया वारली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या केसांचे फूल माझ्या मधोमध लागले. पुढच्याच वसंतात इलेक्टा घर सोडून गेली. डेनिस कोकली नावाच्या रेल्वेच्या मजुराशी तिने लग्न लावले. तो आयरिश होता आणि वर कॅथलिक. आमच्या प्रोटेस्टंट गावात त्याच्या हातचे पाणीही कोणी घेतले नसते. "त्या नावाची मुलगी मला नाही," एवढे बोलून वडील धान्याच्या कोठाराकडे निघून गेले.

लव्हायनाला मात्र त्याच गावात राहायचे होते, त्याच चर्चच्या बाकावर बसायचे होते. एकदा पाद्रीसाहेबांच्या पत्नी, मिसेस स्प्रेग, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "केस काय सुरेख होते हो पोरीचे!" त्या उसासा टाकून म्हणाल्या. "पण आता इथं बघवत नाहीत." त्यांची पाठ वळली, तशी लव्हायनाने पेटी उघडली, कात्रीच्या टोकाने गुलाब उचकटला आणि शेगडीत टाकला. केस जळाल्याचा वास खिडक्या उघडल्या तरी जाईना. वडिलांनी तो कसला म्हणून विचारलेही नाही.

पण माझ्यात भोक पडले ना! शरदात जिल्ह्याचे प्रदर्शन होते आणि लव्हायनाला मला तिथे मांडायचे होते. घरात तांबड्या केसांचे दुसरे कोणी नव्हते. मग ती तबेल्यात गेली, जूनो नावाच्या तांबूस घोडीच्या शेपटीचे केस कापून आणले आणि त्यांचे फूल करून त्या जागी बसवले. होय मित्रांनो, सख्ख्या बहिणीच्या जागी घोडीची शेपटी! मला पहिले बक्षीस मिळाले. निळी फीत लागली. लोक वाहवा करत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. "हे तांबडं कोणाचं हो?" एका बाईने विचारले. "कनेटिकटच्या आत्याचं," लव्हायनाने ठोकून दिले.

वर्षे गेली. वडील वारले. लव्हायनाने लग्न केले नाही. इलेक्टाची पत्रे कॅन्ससहून येत आणि न फोडता परत जात. लव्हायना रोज माझी काच पुसायची, पण त्या फुलापाशी तिचा हात कधी रेंगाळला नाही.

एका रविवारी दारात एक तरुणी उभी राहिली. टोपीखालून तांबडे केस डोकावत होते.

"मी ऑनोरा, इलेक्टाची मुलगी. मावशी, या हिवाळ्यात आई गेली." मग घाईघाईने म्हणाली, "तुमचं काही नको मला. फक्त तो हार बघू द्या. आई म्हणायची, घर सुटलं, पण माझ्या आजीच्या फुलाखाली मी अजून तिथंच आहे."

लव्हायनाने तिला माझ्यासमोर आणले. पोरीची नजर नेमकी तिथे गेली. "हेच ना, मावशी?"

"हो," लव्हायना म्हणाली.

ऑनोराने काचेला कपाळ टेकले. "आई, ठेवलंय गं तुला यांनी!" मग तिने लव्हायनाचे दोन्ही हात धरले. "मावशी, मला माफ करा. आजवर मी तुमचा रागराग केला. वाटायचं, तुम्ही तिला टाकलंत."

त्या क्षणी खिळा निसटून मी खाली पडलो असतो तर बरे झाले असते. लव्हायनाने तिला कॉफी दिली, सफरचंदाच्या केकचा तुकडा कापून दिला. पोरगी जायला निघाली. टोपीची नाडी बांधू लागली, तेव्हा लव्हायनाच्याने राहवेना.

"थांब. ते तुझ्या आईचं नाही. घोडीच्या शेपटीचं आहे. तुझ्या आईचं मी जाळलं."

ऑनोराने वळून पुन्हा माझ्याकडे पाहिले. लव्हायना धडपडत कात्री घेऊन आली. "तुझी एक बट दे, बाळ. मी तिच्या जागी लावते."

"नको, मावशी. घोडीच राहू द्या. तिला तरी तुम्ही घरातली मानलंत."

ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

लव्हायनाने घोडीचे फूल काढून टाकले आणि जागा तशीच सोडली. शिवणकामाला बायका जमल्या, तेव्हा म्हाताऱ्या मिसेस स्प्रेगनी विचारले, "अगं बाई, इथलं फूल कुठं गेलं?"

"इथं माझी बहीण होती. मी तिला शेगडीत घातलं." बायकांचे हात थांबले. काहीजणी पुढे यायच्या बंद झाल्या. लव्हायना मात्र मरेपर्यंत येईल त्याला हेच सांगत राहिली, कोणी विचारले नाही तरी. तिच्या केसांचे फूल वळायला घरात कोणी उरले नव्हते.

आता मी गावच्या संग्रहालयात आहे. मला ऊन लागू देत नाहीत, माझी धूळ हळुवार झटकतात. पण मित्रांनो, माझी एवढी काळजी करू नका. तुमच्या घरी कोणाचे नाव निघताच मोठी माणसे विषय बदलत असतील, तर त्या माणसाला जाऊन भेटा, ते जिवंत आहे तोवर. माझ्यातली ती जागा अजून मोकळीच आहे. बघायला येणारे तिला नक्षीच समजतात आणि म्हणतात, "काय सुंदर हार आहे!" मला अजूनही लाज वाटते.