मुठीचा जोर मोजणारं यंत्र आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, तिवसाच्या चिवट लाकडाची. नेरजवळच्या तांड्यावर देवसिंग आजोबा राहतात. गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी स्वतः मला तासलं, तेल पाजलं. मग बाजार असो की लग्न, त्यांच्या उजव्या हातात मीच. लोक म्हणायचे, "देवसिंगची काठी पाहा, कशी चमकून राह्यली!" मी फुलून जायची.

मग ते यंत्र आलं.

म्हातारपणी शरीर नेमकं कशानं थकतं, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर शीला तांड्यावर आल्या. त्यांच्या पिशवीत मुठीचा जोर मोजणारं छोटं यंत्र होतं. त्या म्हणाल्या, "वय सगळ्यांचं सारखंच वाढतं, पण शरीर सारखं म्हातारं होत नाही. मूठ सैल पडली, तर आतले स्नायू झिजत असू शकतात. व्यायाम केला, नीट खाल्लं, तर ते या वयातही बळकट होतात."

आजोबांनी यंत्र दाबलं, पण काटा थोडासाच सरकला. मला धरायचे त्याच हातानं!

हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, असा व्यायाम सुरू झाला. त्यांची बायको, हंसाबाई आजी, त्यांच्या ताटात रोज अंडं वाढू लागल्या. काही महिन्यांनी डॉक्टरबाई पुन्हा आल्या तेव्हा यंत्राचा काटा चांगलाच सरकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा मला भिंतीशी ठेवून एकटेच चौकापर्यंत जाऊन आले. माझा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं त्यांचा तोल सांभाळला मी, आणि कौतुक त्या मूठभर लोखंडाचं?

तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या.

"आजी, तुम्हीही दाबून बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मले कायले? मले काई झालं नाई."

"दाब तं," आजोबा हसले.

आजींनी दाबलं. काटा जेमतेम हलला. आजोबांचं हसू मावळलं.

"काहून बोलली नाई, हंसा?"

"तुमचंच करून राह्यली होती ना. चुलीपासून उठतानी भिंत धरा लागते. सांगू कोणाले?"

मी त्याच भिंतीला टेकून उभी असायची. मला कधी दिसलं नाही, आणि त्या यंत्रानं क्षणात ओळखलं! हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

दुपारी आजोबांनी मला उचललं. मी हरखले. पण त्यांनी मला आजींच्या शेजारी उभं केलं, खूण केली आणि करवतीनं माझं बूड आजींच्या उंचीला कापलं.

"हे काठी आता तुही," ते म्हणाले. "अन् उद्यापासून अंडं पयले तुह्या ताटात. व्यायाम दोघंबी करू."

मित्रांनो, घरात सगळ्यांचं करणारं माणूस थकलंय का, हे विचारायला कुठल्या यंत्राची वाट पाहू नका. आजोबांच्या हातात मी आता कधीच बसणार नाही. यंत्राचा हेवाही अजून गेलेला नाही. पण आजी अंगणात उतरताना सगळा भार माझ्यावर टाकतात. तेवढा भार त्या यंत्रानं एकदा पेलून दाखवावा!