रंजिताचा डावा गाल

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि पट्टी सुटली, तेव्हा मला कळलं की मनोजच्या घराच्या भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या आहेत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. डावा झाकला की भिंत पांढरी दिसायची, उजवा झाकला की चहात बुडवून काढल्यासारखी. दिवसभर मी तोच खेळ करत बसायचे.

मनोज माझा मुलगा. तो कशेळीला गोडाऊनमध्ये कामाला आहे आणि धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहतो. डॉक्टरांनी चुलीचा धूर आणि शेतातली धूळ टाळायला सांगितली होती, म्हणून पडघ्याकडच्या आमच्या गावी न जाता मी त्याच्याकडेच थांबले. घराच्या पुढच्या खोलीत माझी नात रंजिता ब्युटी पार्लर चालवते. मागच्या बाजूला कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, पुढे आरसा आणि फिरती खुर्ची. मी दाराशी स्टूल टाकून बसायचे.

नवा डोळा मिळाला की माणूस आधी स्वतःलाच बघतं. पार्लरच्या आरशात मी माझं तोंड पाहिलं आणि मागे कोण म्हातारी उभी आहे म्हणून वळून बघितलं. रंजिता हसून खुर्चीतच बसली. मग मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायला लागले. जुन्या डोळ्याला सगळ्या बायका सारख्याच दमलेल्या दिसायच्या. नव्या डोळ्याला प्रत्येकीची कातडी वेगळी दिसत होती, आणि मला त्याची मोठी गंमत वाटत होती.

अशीच एकदा बघता बघता रंजिताच्या डाव्या गालावर माझी नजर थांबली.

रंजिता सावळी आहे. आमच्या घरात सगळेच सावळे. सावळी कातडी कशी दिसते ते मला माहीत आहे. चांगल्या वांग्यासारखी असते ती, रंग गडद पण उजेड पडला की तो परत देते. तेच वांगं दोन दिवस टोपलीत पडलं की रंग तोच राहतो, तकाकी मात्र जाते. रंजिताचा उजवा गाल ताज्या वांग्यासारखा होता आणि डावा टोपलीतल्यासारखा. त्यावर उजेड पडायचा आणि तिथंच राहायचा. जवळून पाहिलं तर बारीक कोंडा धरल्यासारखं दिसत होतं.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुझा डोळा नवा हाय, म्हणून तुला काय काय दिसतंय."

मी डोळे आलटून पालटून झाकून बघितले. डोळ्यात दोष असता तर दोन्ही गाल सारखे दिसले असते. पण हे तिला पटवून देण्याआधीच जाहिदाने तेच बोलून दाखवलं.

जाहिदा आमच्या गल्लीतली वजनदार बाई. तिच्या नवऱ्याचे लूम आहेत, आणि गल्लीतल्या बायका कपडा घेण्यापासून डॉक्टर निवडण्यापर्यंत आधी तिला विचारतात. तिच्या मुलीचा, आफरीनचा, निकाह ठरला होता आणि नवरीचं सगळं काम रंजिताकडे येणार असं जवळजवळ नक्की होतं. ते काम झालं तर गल्लीतली पुढची लग्नं आपोआप येणार होती, आणि दुसरीकडे गेलं तर पार्लरला फक्त भुवया कोरण्याचं काम उरणार होतं. जाहिदा आली, दारातल्या उजेडात रंजिताची हनुवटी धरून तिने तोंड इकडे-तिकडे फिरवलं आणि हळूच म्हणाली, "बेटा, तुझाच चेहरा एवढा थकलेला दिसतोय. आफरीनला मी कल्याणच्या पार्लरमध्ये दाखवून आणते. बुरा मत मान."

रंजिताने बुरा मानला नाही. पण त्या दिवसापासून तिने त्या गालाच्या मागेच लागायचं ठरवलं. सकाळी दाणेदार स्क्रब, दुपारी पॅक, संध्याकाळी मसाज. कॉफीची पूड लावली, बेसन लावलं. घासल्यावर गाल घटकाभर लाल होऊन चमकायचा, दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा मलूल. ती आणखी घासायची.

मी मात्र दुसऱ्याच विचारात होते. गाल दमतो हे ठीक, पण एकच गाल कसा दमतो? पोट बिघडलं असतं तर सगळं तोंड उतरलं असतं. झोप कमी असती तर डोळ्यांखाली दोन्हीकडे दिसलं असतं. मला वाटलं ती डाव्या कुशीवर झोपत असेल आणि उशीचा कापूस लागत असेल. सकाळी ती उठल्यावर मी बघितलं तर उशीच्या वळ्या उजव्या गालावर. मग मला मोबाईलचा संशय आला, पण तो ती उजव्या कानाला लावते. मग वाटलं दाराचं ऊन. मी तिला खुर्ची फिरवायला लावली. तिने कुरकुर करत फिरवली, आणि त्याने काहीच झालं नाही. मनोज म्हणाला, आई, तू डोळ्याला आराम दे. माझ्या डोळ्याला आराम नको होता, काम हवं होतं.

शेवटी मी ठरवलं की अंदाज पुरे, आता गप बसून बघायचं. एक अख्खा दिवस मी रंजिताकडे पाहत बसले. ती माझ्याकडे बघून म्हणायची, आजी, असं टक लावून बसलीस तर गिऱ्हाईक पळेल. मी म्हणायचे, पळू दे.

पहिली बाई ब्लीच करायला आली. रंजिताने वाटीत ब्लीच कालवलं. बाई म्हणाली, "पहले तू लगा." रंजिताने बोटाने थोडं उचललं आणि स्वतःच्या डाव्या गालाला लावलं. थोडा वेळ थांबून पुसून टाकलं, बाईने तिचा गाल बघितला, मान हलवली आणि मग आपलं तोंड पुढे केलं. दुसरी फेशियलला आली, तिच्या वेळीही तेच. तिसरीने नवीन क्रीम मागितलं, तेही आधी रंजिताच्या गालाला.

ही रीत आमच्या गल्लीची. वर्षभरापूर्वी कुठल्याशा पार्लरमध्ये एका मुलीचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. तेव्हा जाहिदाने बायकांना सांगितलं की पार्लरवालीने आधी स्वतःला लावल्याशिवाय कुणी तोंड पुढे करायचं नाही. रंजिताने नवीनच काम सुरू केलं होतं. तिने ते आनंदाने मान्य केलं, आणि त्यामुळेच तर बायका तिच्याकडे यायला लागल्या. उजव्या हाताने लावायचं म्हणून डावा गाल. हे मी रोजच बघत होते की. पण बघत होते ते बायकांची तोंडं, रंजिताच्या बोटाकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी बायका गेल्यावर मी तिला विचारलं की प्रत्येकीच्या वाटणीचं थोडं थोडं तुझ्याच गालावर पडतं, तर त्याला मधे सुट्टी कधी मिळते? ती वाट्या धूत होती. धुता धुता थांबली. मग म्हणाली की एवढंसं तर असतं. मग आरशासमोर गेली, ट्यूबलाइट बंद केली आणि दारातल्या उजेडात बराच वेळ आपला गाल बघत राहिली.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तिच्या कोर्समध्ये शिकवलं होतं की कातडीच्या वरच्या पदराला फार घासलं, फार लावलं की तो फाटतो, आतलं पाणी धरून ठेवत नाही आणि तोंड निस्तेज दिसतं. नवीन क्रीम गिऱ्हाइकाच्याच कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची, हेही शिकवलं होतं. पण एका फेशियलसाठी दोनदा कोण येणार? आणि ती म्हणाली, मी स्वतःला लावायला नाही म्हटलं तर बायका तोंड पुढे करणार नाहीत. तिच्या बोलण्यात रडू नव्हतं, हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

मग मला एक युक्ती सुचली. मी म्हणाले, "माझ्या गालाला लाव. तिथं आता काय बिघडायचं हाय?"

रंजिता हसली. म्हणाली, "म्हातारी कातडी आणखी पातळ असते, आजी. आणि तुझ्या गालाला चाललं म्हणजे त्यांच्या गालाला चालेल, असं कुठं हाय?"

एवढं बोलली आणि तिचा हात आपल्याच डाव्या गालावर गेला. माझ्याही ते ध्यानात आलं. तिच्या गालाला चाललं म्हणजे तरी त्यांच्या गालाला चालेल असं कुठं होतं? इतके महिने बायका तिच्या गालाकडे बघून आपल्या गालाबद्दल निर्धास्त होत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच्या गालाला लावणं बंद केलं. स्क्रब बंद, पॅक बंद, ब्लीच बंद. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने हलकं धुवायचं, पुसताना टॉवेल नुसता टेकवायचा, तोंड ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लावायचं. बाहेर जाताना सनस्क्रीन आणि ओढणी. रात्री लवकर झोपायचं. मला ते फारच कमी वाटत होतं. मी म्हटलं, थोडी साय तरी लावू. ती म्हणाली, आजी, हात लावू नकोस. काही न करणं मला जन्मात जमलेलं नाही, तरी मी हात मांडीखाली धरून बसले.

बायकांना ती कोपराच्या आत लावून उद्या या म्हणायची. काही रागावल्या. एक म्हणाली, आता शहाणी झाली. बऱ्याच जणी आल्याच नाहीत. खुर्ची रिकामी असायची. पण गाल बदलत होता. आधी कोंडा गेला. मग हात न लावताही तो मऊ दिसायला लागला. मग एका सकाळी दारातून आलेलं ऊन त्याच्यावर पडलं आणि जरासं परत आलं. पूर्ण नाही. शेजारच्या गालाच्या मानाने अजून मागेच होता, पण वाटेला लागला होता.

महिना होत आला तेव्हा जाहिदा आफरीनला घेऊन आली. कल्याणचं काही ठरलं नव्हतं. आल्या आल्या तिने रंजिताची हनुवटी धरली, तोंड फिरवलं आणि विचारलं, "कौन सी क्रीम आहे ही? आफरीनला पण हीच लाव."

रंजिता म्हणाली, "काहीच लावलं नाही, खाला. लावायचं बंद केलं."

जाहिदाला वाटलं ही क्रीमचं नाव लपवतेय. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की खरंच काही नाही, मी दिवसभर इथंच बसलेली असते. मग रंजिताने तिला दारात उभं केलं, दोन्ही गाल दाखवले आणि डाव्या गालावर काय काय पडत होतं ते सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. जाहिदाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि जवळून बघितलं.

"ये हमने किया?" तिने विचारलं.

जाहिदाने आधी रंजिताच्या गालाकडे आणि मग आफरीनकडे बघितलं. मग ती पुन्हा आई झाली. म्हणाली की ते सगळं ठीक, पण माझ्या मुलीच्या तोंडाला बिनखात्रीचं काही लागणार नाही. आफरीन इतका वेळ मोबाईल बघत बसली होती. तिने बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. नवरीसाठी मागवलेलं फेशियलचं क्रीम रंजिताने तिच्या कोपराच्या आत थोडंसं लावलं. हे क्रीम आलं तेव्हा स्वतःला लावणं बंद झालं नव्हतं, म्हणून तिने ते आपल्या गालावरही लावून बघितलं होतं. तेव्हा काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडायच्या आधीच जाहिदा दारात उभी. आफरीनचा हात तिने मनगटाशी धरला होता. कोपराच्या आत रुपयाएवढा लाल डाग उठला होता, त्यावर बारीक पुरळ. आफरीन म्हणाली की रात्री खाज सुटली होती, धुतल्यावर कमी झाली.

मला वाटलं, संपलं. आता गल्लीभर बोभाटा होणार. रंजिताचं तोंड उतरलं होतं. तिने डाग बघितला आणि म्हणाली की हे क्रीम आफरीनला कधीच लावायचं नाही, आणि खाज वाढली तर कातडीच्या डॉक्टरला दाखवू, मी सोबत येते.

जाहिदा खुर्चीत बसली. तिने तो डाग बघितला, मग रंजिताचा गाल बघितला, मग पुन्हा डाग. कल्याणला गेलो असतो तर हे तोंडावर उठलं असतं, असं ती स्वतःशीच म्हणाली. आणि इथं जुन्या रीतीने केलं असतं तरीही, असं मी म्हटलं. रंजिताने मला डोळ्यांनी दटावलं. पण जाहिदाने मान हलवली.

मग तिने आफरीनचा दुसरा हात ओढून पुढे केला. "दुसरी क्रीम दाखव. वास नसलेली. या हाताला लाव, उद्या परत येतो." आणि आपल्याही बुरख्याची बाही कोपरापर्यंत सरकवत म्हणाली, "और मेरे को भी लगा के देख. इतकी वर्षं लावतेय, माझ्या कातडीला काय चालतं ते मला कुठं माहीत?"