धामणीची कात

डोळ्यांची भिंगंसुद्धा शाबूत होती — कातीच्या तोंडाशी दोन मोठे, गोल, पारदर्शक ठिपके... नर्मदाने गोठ्याच्या दारातल्या उजेडात कात पुन्हा धरली आणि पाठीच्या मधल्या रांगेवरून नख फिरवलं. कांडोर, म्हणजे मण्यार, असती तर मधले खवले शेजारच्यांपेक्षा मोठे असते, सहा कोनांचे, आणि शेपटीखाली एकच रांग — इथे जोड्या होत्या. मानही बारीक, नागाची नव्हे. आणि दोन्ही हात पसरले तरी उरेल एवढी लांबी... धामण. शंकाच नको.

मागे सासरे, दाजी, दांडा घेऊन उभे होते. आठवडाभर गाईचं दूध कमी, आणि गोठ्यात जनावर, म्हणजे साप, फिरताना दिसलेलं. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. गोठ्यात कात सापडली ती चुडतांची, म्हणजे माडाच्या वाळक्या झावळांची, रास उपसायची आणि दिसेल ते ठेचायचं, असं ठरलं होतं.

कट्टा गावात एस.टी. यायला लागली त्या वर्षी ती आरोंद्याहून या घरात आली, तेव्हापासून सासऱ्यांपुढे तोंड वर करून बोलली नव्हती. पण आज गप्प बसायचं, तर बापाने — परशुरामाने, ज्याला जनावर ओळखायला सगळा गाव बोलवायचा — पोरीच्या तळहातावर काती ठेवून ठेवून शिकवलं ते कशासाठी?

"मामांनू, धामणीक ओठ खंय आसत? ती दूध ओढतली कशी? गाय गाभण आसा, दूध आटतलाच. हिका मारलात तर कणगीतले उंदीर कोण खातलो?"

दाजींनी दांडा भिंतीला टेकवला. रागाने टेकवला, पण टेकवला खरा. नर्मदाचा ऊर अभिमानाने भरून आला. बाबा, बघितलंत? — मी बोलले...

सासू, काशीबाई, शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. "तू सांगतस तर उद्या फाटफटी, काळोखातच, मी थंयच राशीकडे शेण काढतलंय," ती सहज म्हणाली. पाय नेहमीसारखे अनवाणी.

"आधी काठी आपटा हां. मगे पाय टाका," नर्मदा घाईने म्हणाली.

कात सांगते कोण येऊन गेलं. राशीत आत्ता कोण आहे ते सांगत नाही — हेही बापानेच शिकवलेलं, आणि बोलण्याच्या भरात ती ते विसरली होती. अभिमान उतरला नाही, उलट वाढलाच; या घरात तिच्या शब्दाला पहिल्यांदाच वजन आलं होतं. पण त्याच्या पोटात आता भीती होती, आपल्या शब्दावर या घरातलं कुणीतरी पाय टाकणार याची... आणि ती भीतीही, खोटं कशाला बोला, तिला हवीशी वाटली.