शाळेच्या बागेतला बहिरोबा

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या आणि वनमहोत्सव हा तेव्हा सरकारी सण होता. जुलै उजाडला की वराळ्यापर्यंत ट्रकने रोपं यायची, तिथून पोरांच्या डोक्यावरून डोंगरातल्या धामणवाडीच्या शाळेत. पाहुणे एक रोप लावायचे, बाकीची मास्तर लावायचे, भाषण व्हायचं, पेढे वाटले जायचे. दसऱ्यापर्यंत गावच्या शेळ्या सगळं फस्त करायच्या. खड्डे तेवढे टिकाऊ निघाले होते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं बसायची आणि अहवालात झाडांची संख्या दरसाल वाढत जायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

शेटेबाई तळेगावहून बदलून आल्या आणि अडायला लागलं. वनमहोत्सव मनावर घ्यायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पोरांकडून शाळेमागचं माळरान खणून घेतलं, जांभूळ, आवळा, करंज, बेहडा अशी रोपं लावली आणि मधल्या मोकळ्या जागेत घेवडा, भेंडी, दोडका पेरला. धडा वर्गात नाही, बागेत. बी कसं रुजतं, पानाला शिरा का असतात, गांडूळ मातीचं काय करतं, हे सगळं चिखलात उकिडवं बसून. आणि नियम एकच, जो पाणी घालील तो भाजी घरी नेईल.

या नियमाने जे केलं ते सरकारच्या कुठल्याही पत्रकाला जमलं नव्हतं. पोरीच्या जातीला शाळा कशाला, असं म्हणणाऱ्या आयाच पोरींना सकाळी वेणीफणी करून पाठवायला लागल्या. दोन-तीन मुलींच्या जागी वर्ग भरला. पुतळाबाईची लेक तर घरी जाऊन बापाला करंजाच्या पानाची माहिती ऐकवायची, आणि बाप ओसरीवर बसून निमूट ऐकायचा. बाग आहे तोवर मुली आहेत आणि बाग गेली की मुली गेल्या, हे बाई पुरतं ओळखून होत्या. त्यामुळे बागेवर त्यांचा जीव होता, आणि शेळ्यांवर राग.

शेळ्या बहुतेक भामाबाईच्या. बोराटीचं कुंपण घातलं, तर त्या कुंपणासकट खायच्या. बाई तक्रार घेऊन गेल्या तेव्हा भामाबाई शांतपणे म्हणाली, "बाई, शेरडाला शाळा कळती व्हय? त्याला पाला कळतो."

सरपंच केरबांकडे गेल्या. केरबा तंबाखू मळत म्हणाले, "झाडं सरकारनं लावल्यात. सरकार बगंल."

सरकार काही शेळ्या हाकायला येणार नव्हतं. पण गावाच्या वर डोंगरउतारावर बहिरोबाची राई होती आणि बाई रोज तिच्याकडे बघत. आजूबाजूचा सगळा डोंगर बोडका, आणि राईत भर दुपारी अंधार. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. भामाबाईची शेळी राईच्या कडेला पोचली, की भामाबाई असेल तिथून धावत जाऊन तिला माघारी वळवायची. जे कुंपणाला जमत नव्हतं, ते देवाला जमत होतं.

मग एका रविवारी बाईंनी ओढ्यातला एक गोटा आणला, धुतला, तळेगावच्या बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला आणि त्यातल्या त्यात वाढलेल्या जांभळीच्या बुडाशी ठेवला. वर दोन झेंडूची फुलं. कुणी विचारलंच तर सांगायला एक दृष्टान्तही त्यांनी जुळवून ठेवला होता. शिकलेल्या बाईने असं करावं याची त्यांना थोडी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा हसू जास्त आलं.

दृष्टान्त वायाच गेला. राईतल्या बहिरोबाचा भगत अंबाजी दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडून चालला होता. त्याने गोटा पाहिला आणि पारावर जाऊन तो घुमायलाच लागला. पोरांसाठी बहिरोबा राई सोडून खाली आला म्हणाला. दुपारपर्यंत नारळ फुटला आणि संध्याकाळी भामाबाईने आपल्या शेळ्या गावाच्या पार दुसऱ्या अंगाला नेऊन बांधल्या. बाईंना त्या रात्री कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

मंगळवारी त्या मुलींना घेऊन बागेत निघाल्या तर वाटेवर अंबाजी आडवा उभा.

"बाई, हितनं माघारी फिरा. बहिरोबाच्या राईत बायामानसाचं पाऊल चालत न्हाई."

"अंबाजी, ही राई नाही. ही शाळेची बाग आहे."

"देव हाय तितं राई हाय," अंबाजी म्हणाला. "आन् राईतलं पान बी भाईर न्यायचं न्हाई. भाजीबिजी आता इसरा."

त्याच्या मागे केरबा उभे होते, आणि केरबांच्या मागे पुतळाबाई. पुतळाबाई लेकीचा हात धरून तिला केव्हाची मागे ओढत होती. बाई बघतच राहिल्या. राईच्या कडेवरून शेरडं माघारी फिरतात, हे त्यांनी वर्षभर डोळे भरून पाहिलं होतं. बायाही तिथूनच हात जोडून माघारी फिरतात, हे दिसत असूनही ध्यानात आलं नव्हतं. बाईंना वाटत होतं, बिचाऱ्यांना कामाची घाई असेल.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनी त्याच संध्याकाळी पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की गोटा मी आणला, ओढ्यातून आणला, शेंदूर माझ्या हाताने फासला, शेळ्यांसाठी केलं, तो देव नाही. गावाला फसवल्याबद्दल जे काय ऐकून घ्यावं लागेल, ते ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती.

कुणी रागावलं नाही. भामाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बगा की," अंबाजी कौतुकाने म्हणाला, "ओढ्यात येवढं गोटं, पर बाईला त्योच दिसला. देव आसाच येतो. कुनाच्या तरी हातनं येतो. बाईला कळलं बी न्हाई."

"मग मी हात लावला तेव्हा नाही का विटाळला?"

"तवा त्यो आला नव्हता, बाई," केरबांनी समजूत घातली. "आता आला."

त्या दिवसापासून बाईंना गावात कुणीही नावाने बोलावलं नाही, म्हाताऱ्यासुद्धा पाया पडायला लागल्या. फक्त बागेत जाऊ देईनात.

भाजी बंद झाली तशा मुली गळायला लागल्या. अंबाजीनेच मग तोड काढली. देवाच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी लागतं आणि पाणी आणणं हे बायकांचंच काम. पोरींनी ओढ्यावरून घागरी कुंपणापर्यंत आणाव्यात, पोरांनी आत नेऊन ओताव्यात, म्हणजे देवाची सेवाही घडेल. सेवेला कुठली आई नाही म्हणणार? पटावर मुली पुन्हा वाढल्या. सकाळी ओढा, दुपारी ओढा. बाईंनी भांडून पाहिलं, तालुक्याला अर्ज केले, आणि पटसंख्या उत्तम आहे असं उत्तर आल्यावर त्या थकल्या.

झाडं मात्र जोमाने वाढली. जांभूळ डोक्याच्या वर गेली, करंजाची सावली पडायला लागली. बागेचा बोलबाला होऊन चौथ्या वर्षी शाळा तपासणारे खुद्द दिपोटी साहेब ती बघायला आले. बूट काढून अंबाजीबरोबर आत फिरले. मुलग्यांनी प्रत्येक झाडाचं नाव खड्या आवाजात सांगितलं. मोडलेली एक फांदी नाही, खाल्लेलं एक पान नाही. असं वनसंरक्षण मावळात कुठे बघितलं नाही, असं साहेब दोनदा म्हणाले.

बाहेर येऊन बूट घालताना त्यांना कुंपणाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या मुली दिसल्या. कौतुकाने त्यांनी सगळ्यात धाकटीला विचारलं, "सांग बरं बाळ, ते मोठं झाड कशाचं?"

ती नव्या तुकडीतली. बाग तिने कधी आतून पाहिलीच नव्हती. डोक्यावरची घागर सावरत तिने झाडाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"आमाला न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "आमी पानी आनतो."

साहेब हसले. बाईंच्या काळजात मात्र ते वाक्य घुसलं. त्यांनी वळून पाहिलं, तर अंबाजी, केरबा, शाळेत पाठवलेल्या लेकींच्या आया, सगळे तिथेच प्रसन्न चेहऱ्याने उभे होते.

साहेबांनी जाण्यापूर्वी शेरा लिहिला. बाग तालुक्यात आदर्श आहे. मुलींचा निसर्ग अभ्यास मात्र फारच कच्चा असून शिक्षिकेने त्याकडे जातीने लक्ष द्यावे. शेऱ्याखाली शिक्षिकेची सही लागते. बाईंनी ती केली.